वर्गातले पानिपत टाळायचे तर

मराठीत ‘पानिपत’ हा शब्द दारुण पराभवाला पर्याय म्हणून रूढ झाला आहे. १७६१ च्या रणभूमीजवळचे आजचे पानिपत मात्र हातमाग, ब्लँकेट आणि जुन्या कपड्यांपासून सूत काढणाऱ्या गिरण्यांचे शहर आहे. हा उद्योग बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालमधून आलेल्या मजुरांच्या बळावर चालतो. त्यांची मुले ज्या सरकारी शाळांत जातात, तेथील मुख्य माध्यम हिंदी; घरी मात्र भोजपुरी, मैथिली वा बंगाली.

जनगणनेत भोजपुरी हिंदीच्याच खाती जमा होते. त्यामुळे कागदोपत्री या मुलांपुढे भाषेची अडचणच उरत नाही. मैथिलीला २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण त्याने वर्गात स्थान मिळत नाही. शिक्षकाचे बोलणे न उमगलेले मूल ‘ढ’ ठरते आणि त्याची शाळा सुटण्याची भीती वाढते.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. १९५६ मध्ये राज्यघटनेत आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मातृभाषेचा आग्रह धरला आहे. मेख आहे ती ‘व्यवहार्य’ या शब्दात. एका वर्गात तीन-चार भाषा, कुटुंबांची सततची भटकंती आणि पालकांची इंग्रजीची ओढ, हे आक्षेप खोटे नाहीत.

मुंबई महापालिकेने आठ माध्यमांच्या शाळा चालवून आपले उत्तर शोधले. पानिपतला ते झेपणारे नाही. शिवाय स्वतंत्र शाळांमुळे मुले स्थानिक समाजापासून तुटण्याचा धोका असतो. द्विभाषिक शिक्षणाची अपेक्षा त्याहून माफक आहे. पहिली दोन वर्षे वस्तीतली भाषा जाणणारी सहायक शिक्षिका वर्गात असावी, अर्थ घरच्या भाषेत उलगडावा आणि मुलाला क्रमाक्रमाने हिंदीकडे न्यावे.

पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय महाराष्ट्र सरकारला २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले. कोवळ्या वयात मातृभाषेचा पाया पक्का हवा, हा त्या विरोधातील प्रमुख युक्तिवाद होता. तो पानिपतच्या भोजपुरी मुलाला लागू पडत असेल, तर २०२० च्या कायद्याने सक्तीची झालेली मराठी शिकणाऱ्या पुण्या-मुंबईतील परप्रांतीय मुलालाही पडतो. दोन्ही राज्यांनी प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची खरी नोंद घेऊन ती शिक्षक नेमणुकीशी जोडली, तरी ‘व्यवहार्य’ या शब्दाआड दडण्यास प्रशासनाला जागा राहणार नाही.