पक्षांतर्गत निवडणुकीतला पहिला कौल

पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षाच्या नेत्यांनी न ठरवता मतदारांनी किंवा सदस्यांनी मतदान करून ठरवायचे, या पद्धतीला प्राथमिक निवडणूक किंवा प्रायमरी म्हणतात. अमेरिकेत ती शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. सुरुवातीला जो पुढे दिसतो तो शेवटपर्यंत पुढेच राहील, याची खात्री तिथे कोणी देत नाही. मते सार्वत्रिक निवडणुकीतही फिरतात; प्रायमरीत ती जास्त फिरतात आणि झपाट्याने फिरतात.

सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराचे बरेचसे काम पक्षाचे चिन्हच करून टाकते. पंजा की कमळ हे ज्याचे आधीच ठरलेले असते, त्याला उमेदवाराची फारशी माहिती नसली तरी चालते. प्रायमरीत मात्र सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात. झेंडा एक, धोरणेही बव्हंशी एक. मग फरक कशावरून करायचा, हे मतदाराला स्वतः शोधावे लागते आणि तोवर ऐकलेले नाव हाच त्याचा आधार असतो. शिवाय एका उमेदवाराला सोडून दुसऱ्याकडे जाताना पक्ष सोडावा लागत नाही. निष्ठेचा प्रश्न येत नाही म्हणून मन बदलणे सोपे जाते.

हा बदल तीन वाटांनी होतो. पहिली वाट माहितीची: उमेदवारांची ओळख वाढते तशी आधीची पसंती तपासली जाते. दुसरी वाट विश्वासाच्या माणसांची: ज्या नेत्यावर, संघटनेवर किंवा समाजातल्या वडीलधाऱ्यांवर मतदाराचा भरवसा असतो त्यांनी कौल दिला की त्यांच्यामागे मते सरकतात. तिसरी वाट सहज नजरेतून सुटते. कोणाचेही मन न बदलता आकडे बदलू शकतात, कारण मतदान करणारे लोकच बदलतात किंवा रिंगणातले उमेदवार कमी होतात.

भारतात अशी प्रायमरी रुजलेली नाही. पण पक्षाच्या आत कौल कसा फिरतो, याचे एक मोठे उदाहरण नागपुरातच घडले. सीताबर्डीहून खापरीच्या दिशेने मेट्रोने निघाले की पुढचेच स्थानक काँग्रेसनगरचे लागते. वस्तीला हे नाव मिळाले ते डिसेंबर १९२० च्या काँग्रेस अधिवेशनावरून. सालेमचे सी. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. प्रश्न उमेदवाराचा नव्हता, मार्गाचा होता: गांधीजींचे असहकाराचे आंदोलन काँग्रेसने स्वीकारायचे की नाही?

त्याआधी सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली विशेष अधिवेशन भरले होते. असहकाराचा ठराव तिथे मंजूर झाला, पण पक्ष दुभंगलेला दिसला. ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या दुपटीहून थोडीच जास्त होती. चित्तरंजन दास, बिपिनचंद्र पाल, मदनमोहन मालवीय, ॲनी बेझंट आणि महंमदअली जीना हे सगळे विरोधात उभे राहिले. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले होते. त्यांच्या अनुयायांपैकी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांना असहकाराच्या कार्यक्रमातला कायदेमंडळांवरचा बहिष्कार मान्य नव्हता. कलकत्त्याचा निर्णय नागपुरात फिरवायचा, या इराद्याने दास बंगालमधून प्रतिनिधींचा मोठा जथा घेऊन आले.

झाले उलटेच. नागपुरात असहकाराचा मुख्य ठराव खुद्द दासांनी मांडला आणि लजपतरायांनी त्याला अनुमोदन दिले. उघड विरोधात प्रामुख्याने जीना उरले आणि पुढे ते काँग्रेसबाहेर पडले. चार महिन्यांत एवढा फरक पडण्यामागे तिन्ही वाटा दिसतात. कायदेमंडळांच्या निवडणुका नोव्हेंबरमध्ये होऊन गेल्या होत्या आणि काँग्रेसवाल्यांनी त्यांवर बहिष्कार टाकला होता. वादाचा सर्वांत कडवा मुद्दा त्यामुळे मागे पडला. गांधीजी आणि दास यांच्यात तडजोड झाली. कार्यक्रमाचा कोणता भाग केव्हा अमलात आणायचा हे ठरवण्याचा अधिकार पक्षाकडे ठेवला गेला आणि दासांच्या मागे बंगालचे प्रतिनिधीही आले.

तिसरी वाट आकड्यांत दिसते. कलकत्त्याच्या मतदानात भाग घेणारे प्रतिनिधी तीन हजारांच्या आत होते. नागपूरला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. म्हणजे जुन्या प्रतिनिधींची मते बदलली, आणि त्याच वेळी मत देणारा समुदायही वेगळा झाला. प्रतिनिधींच्या संख्येला तेव्हा बंधन नव्हते, त्यामुळे अधिवेशन भरे त्या भागाचे लोक सभामंडपात जास्त असत. याच अधिवेशनात स्वीकारलेल्या नव्या घटनेने ही मोकळीक संपवली. चार आणे वर्गणीचे सदस्यत्व आले, भाषावार प्रांतिक समित्या आल्या आणि पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण ठरले. मतदार कोण हे निश्चित झाल्याशिवाय दोन वेळच्या कौलांची तुलना करता येत नाही.

नागपूरचा कौलही अखेरचा ठरला नाही. चौरीचौराच्या घटनेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये आंदोलन थांबले आणि कायदेमंडळात जाण्याचा प्रश्न पुन्हा वर आला. १ जानेवारी १९२३ रोजी दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. त्या वर्षाअखेरच्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या, म्हणजे नागपूरच्या, कायदेमंडळात या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. ज्या बहिष्काराच्या ठरावाला नागपुरात जयजयकार मिळाला होता, त्याच्या विरुद्ध दिशेला तीन वर्षांत नागपूरचेच राजकारण गेले.

खऱ्या अर्थाच्या प्रायमरीत एका मराठी माणसाच्या वाट्याला आलेला अनुभव जास्त बोलका आहे. श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ मध्ये चिकोडीचा आणि बालपण बेळगावचे. १९७९ मध्ये ते अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि उद्योजक झाले. ‘ही ‘श्री’ची इच्छा’ या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांना त्यांचे नाव ओळखीचे आहे. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरत असल्याचे जाहीर केले. त्यांनी पूर्वी कोणतेही निवडून आलेले पद भूषवलेले नव्हते. समोर राज्याच्या सिनेटमध्ये पक्षाचे नेतृत्व केलेल्या ग्रेचेन व्हिटमर होत्या, आणि डेट्रॉइट शहराच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख अब्दुल एल-सय्यद हेही होते.

ठाणेदारांनी स्वतःचा पैसा ओतला. संपूर्ण प्रचारात हा खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी मिशिगनमध्ये त्यांची जाहिरात झळकली. त्यांच्या नावाचा उच्चार करताना अडखळणारे लोक तिच्यात दाखवले होते. अपरिचित नाव ही अडचण होती आणि जाहिरातीने तिलाच हत्यार केले. इतर उमेदवार टीव्हीवर फारसे दिसत नसताना त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि २०१८ च्या वसंतातल्या काही पाहण्यांत ते व्हिटमर यांच्याही पुढे दिसू लागले.

७ ऑगस्ट २०१८ रोजी मतदान झाले तेव्हा चित्र पालटलेले होते. व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के, एल-सय्यद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना जेमतेम १८ टक्के मते मिळाली. व्हिटमर पुढे नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर झाल्या. ठाणेदारांची वसंतातली आघाडी खोटी नव्हती. पाहणीत विचारलेल्या लोकांनी ऐकलेले नाव सांगितले होते. पण त्याच पाहण्यांमध्ये ‘अजून ठरवले नाही’ म्हणणारेही पुष्कळ होते. मतदान जवळ आले तशा वर्तमानपत्रांतून ठाणेदारांच्या आधीच्या उद्योगाविषयी आणि राजकीय भूमिकांविषयी चौकशा सुरू झाल्या. शिक्षकांच्या आणि मोटार कामगारांच्या संघटना व्हिटमर यांच्या पाठीशी उभ्या होत्या. पक्षातल्या डाव्या विचाराच्या मतदारांसाठी सिनेटर बर्नी सँडर्स यांनी एल-सय्यद यांना पाठिंबा दिला. ठाणेदारांमागे अशी कोणतीही मोठी संघटना नव्हती. जाहिरातीने जुळलेली मते टिकवून धरायला गावोगावचे कार्यकर्ते लागतात.

मतदार कोण, हा मुद्दा मिशिगनमध्येही येतो. तिथे मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी मतदार कोणत्याही एका पक्षाच्या रकान्यात मत देऊ शकतो. त्या वर्षी डेमोक्रॅटिक रकान्यात अकरा लाखांहून अधिक मते पडली. ऑगस्टमध्ये नेमके कोण येईल याचा अंदाज मार्चमधल्या पाहणीला बांधता येणे अवघडच असते.

तरीही पहिला कौल वाया गेला असे झाले नाही. राज्यभर मागे पडलेल्या ठाणेदारांना डेट्रॉइट शहरात चांगली मते मिळाली होती. पुढे ते तिथेच राहायला गेले, २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या १३ व्या मतदारसंघातून पुन्हा प्रायमरीला उभे राहिले. या वेळी रिंगणात नऊ उमेदवार होते. दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲडम हॉलियर यांना मागे टाकून ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. विरोधातली मते आठ जणांत वाटली गेली आणि ती एकवटायला वेळच मिळाला नाही. तिरंगी लढतीत ज्या पाठबळावर तिसरा क्रमांक आला, त्याहून दहाएक टक्क्यांनी जास्त पाठबळावर नऊ जणांच्या लढतीत विजय मिळाला.

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत काळाचा प्रभाव सर्वांत जास्त दिसतो, कारण तिथे राज्ये एकामागून एक मतदान करतात आणि आधीच्या राज्याचा निकाल पुढच्या मतदारासाठी नवी माहिती ठरतो. २००७ मध्ये देशभरातल्या पाहण्यांत हिलरी क्लिंटन बऱ्याच पुढे होत्या. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात बराक ओबामा जिंकले. बहुसंख्य गोऱ्या लोकवस्तीच्या राज्यात ते निवडून येऊ शकतात हे दिसताच आफ्रिकन-अमेरिकन मतदार मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले आणि त्याच महिन्यात दक्षिण कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मते मिळाली. या मतदारांना ओबामा आवडत नव्हते असे नाही. आपले मत वाया जाईल, ही शंका आयोवाने दूर केली.

२०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनात ते मोठ्या फरकाने जिंकले. पाठोपाठ पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झाले आणि बायडन यांनी त्यांतली दहा जिंकली. तीन दिवसांत शर्यतीचे रूप बदलले. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात टपालाने आधीच मत दिलेल्या अनेकांचे उमेदवार मतदानाच्या दिवशी रिंगणातच नव्हते. त्यांना कौल बदलायची संधी राहिली नाही.

या अडचणीवर पसंतीक्रमाचा उपाय आहे. त्याची पद्धत नागपूरकरांना नवी नाही. विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितात आणि पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की ते मत पुढच्या पसंतीकडे जाते. अलास्का आणि कॅन्सससारख्या काही राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाने २०२० च्या प्रायमरीत अशीच पद्धत वापरली. मन बदलले तर काय कराल, हे मतदाराने मतपत्रिकेवरच लिहून ठेवायचे.

महाराष्ट्रातल्या उमेदवारीची वाट वेगळी आहे. इच्छुकांच्या मुलाखती होतात, निरीक्षक अहवाल देतात, नावे प्रदेश किंवा केंद्रीय समितीकडे जातात आणि बऱ्याचदा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म हाती पडतो. तिकीट कोणाला, याची चर्चा बर्डीतल्या चहाच्या टपरीवर कितीही रंगली तरी त्या चर्चेची मते कुठे मोजली जात नाहीत. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने सुमारे पंधरा मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग करून पाहिला. विदर्भातील वर्धा त्यांत होता. तिथे विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांना उमेदवारी मिळाली आणि निवडणुकीत ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून पराभूत झाले. वडोदऱ्यात नरेंद्र रावत यांनी प्रायमरी जिंकली. पण भाजपने तिथून नरेंद्र मोदी यांना उभे करताच काँग्रेसने रावत यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना आणले.

हा प्रयोग अमेरिकी प्रायमरीपेक्षा दोन बाबतींत मुळातच वेगळा होता. मतदान पक्षाचे पदाधिकारी आणि निवडक प्रतिनिधींपुरते होते. सामान्य मतदाराला त्यात जागा नव्हती. आणि सगळी प्रक्रिया थोडक्या आठवड्यांत उरकली गेली. उमेदवारांची ओळख होणे, त्यांच्या उणिवा पुढे येणे, पाठिंबे जाहीर होणे, मागे पडलेल्यांनी बाजूला होणे या सगळ्याला महिने लागतात. तेवढा अवधी नसला की निर्णय आधीपासून ओळखीच्या नावाकडे किंवा स्थानिक गटाच्या ताकदीकडे जातो. पक्षांतर्गत निवडणूक लोकशाहीच्या दृष्टीने उपयोगी पडायची असेल, तर मतदार कोण हे आधी निश्चित व्हावे लागते आणि पहिला कौल बदलायला त्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो.