मॅसॅच्युसेट्स संस्थानाची ओळख

बास्केटबॉल व व्हॉलीबॉल हे खेळ आमच्या बालवाचकांच्या अंगवळणीं पडलेले आहेत. परंतु ते मूळचे कोठले असें विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचणार नाहीं. पहिला खेळ इ. स. १८९१ त स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें काढला, व दुसरा १८९५ त जवळच्याच होल्योक गांवीं विल्यम मॉर्गन यानें. हीं दोन्ही गांवें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत आहेत. त्या संस्थानाची थोडक्यांत माहिती आम्ही येथें देत आहों.

हें संस्थान अमेरिकेच्या ईशान्य भागीं अटलांटिक महासागराच्या कांठीं वसलें आहे. त्याच्या जमिनीचें क्षेत्रफळ सुमारें ७,८०० चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा अदमासें पंधरावा हिस्सा आहे. आणि २०२० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या सत्तर लाखांवर भरली. पूर्वेस केप कॉड हें भूशिर कोपरांत वांकविलेल्या हाताप्रमाणें समुद्रांत शिरलें आहे. पश्चिमेस बर्कशायर टेकड्या असून त्या बाजूचें ग्रेलॉक हें संस्थानांतील सर्वांत उंच शिखर ३,४९१ फूट आहे. आमच्या कळसूबाईपुढें तें ठेंगणेंच. मध्यें कनेक्टिकट नदीचें सुपीक खोरें आहे. बाकीची बरीचशी जमीन प्राचीन हिमनद्यांनीं आणून टाकिलेल्या दगडगोट्यांची आहे. शेतीवर भागेना म्हणून लोक समुद्राकडे वळले, आणि पुढें नद्यांच्या धबधब्यांवर त्यांनीं कापडाच्या गिरण्या उभारिल्या. कॉड माशावर तर त्यांची इतकी भिस्त, कीं त्याची लांकडी प्रतिमा आजहि बोस्टन येथील कायदेमंडळाच्या दिवाणखान्यांत टांगलेली आहे!

संस्थानाचें नांव तेथील एका मूळ रहिवासी जमातीवरून पडलें आहे. इ. स. १६२० त 'मेफ्लॉवर' गलबतांतून १०२ उतारू इंग्लंडाहून आले व त्यांनीं प्लिमथ येथें वस्ती केली. पहिल्या हिंवाळ्यांत त्यांपैकीं जवळजवळ निम्मे मरण पावले. उरलेल्यांस टिस्क्वांटम नांवाच्या मूळ रहिवाशानें मका पेरण्याची रीत शिकविली. पुढें १६३० त दुसरी मोठी टोळी आली व बोस्टन शहर वसलें.

हे लोक आपल्या मताप्रमाणें ईश्वरोपासना करतां यावी म्हणून देश सोडून आले होते. परंतु तेंच स्वातंत्र्य दुसऱ्यांस देण्यास ते राजी नव्हते. निराळें मत मांडिलें म्हणून रॉजर विल्यम्स यास त्यांनीं हद्दपार केलें. मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईस १६६० त फांशीं दिलें. आणि १६९२ त सेलम येथें चेटकाच्या खोट्या आरोपावरून एकोणीस जणांस फांसावर चढविलें. ज्या मूळ रहिवाशांनीं त्यांस जगविलें, त्यांचीं गांवें १६७५-७६ च्या युद्धांत उद्ध्वस्त झालीं. ही हकीकत दुःखदायक खरी, परंतु ती लपवून ठेवणें हा इतिहास नव्हे.

१७७३ त बोस्टनच्या लोकांनीं जुलमी कराच्या निषेधार्थ चहाच्या ३४२ पेट्या बंदरांत फेंकून दिल्या, आणि १७७५ त लेक्सिंग्टन व कॉंकर्ड येथें स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागलें. १७८० त जॉन ॲडम्स यानें मुख्यतः लिहिलेली राज्यघटना लोकांनीं मान्य केली. ती दुरुस्त्यांसह अद्यापि चालू आहे. सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, या तींतील तत्त्वाच्या आधारें १७८३ त तेथील वरिष्ठ न्यायालयानें गुलामगिरी घटनेशीं विसंगत ठरविली.

कायदेमंडळास तेथें 'जनरल कोर्ट' म्हणतात. नांवावरून तें न्यायालय आहे असें मात्र समजूं नये. त्यांत ४० सभासदांचें सीनेट व १६० सभासदांचें प्रतिनिधिगृह आहे. गव्हर्नर चार वर्षांकरितां लोकांच्या मतांनीं निवडला जातो. लहान गांवांत मतदार स्वतः सभा भरवून गांवच्या व शाळेच्या खर्चाचा निर्णय करितात.

शाळा हें तर या संस्थानाचें खरें भूषण. हार्वर्ड विद्यालय १६३६ त स्थापन झालें. १६४७ च्या कायद्यानें पन्नास घरें असलेल्या प्रत्येक गांवानें शिक्षक ठेविलाच पाहिजे असें ठरलें. १८३७ पासून होरेस मॅन यानें सरकारी शाळांची सुधारणा केली, आणि १८५२ त सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संयुक्त संस्थानांत प्रथम येथेंच झाला.

आमच्या देशाशींहि या संस्थानाचा जुना संबंध आहे. तेथील तळ्यांतील बर्फ लांकडाच्या भुशांत बांधून १८३३ त गलबतानें कलकत्त्यास आलें, व पुढें मुंबईसहि येऊं लागलें. १८१० त तेथें स्थापन झालेल्या मिशनरी मंडळाचे पहिले उपदेशक १८१३ त मुंबईस उतरले व त्यांनीं मराठी शाळा उघडल्या. कॉंकर्डचा ग्रंथकार थोरो गुलामगिरीस पोसणाऱ्या सरकारास कर देण्याचें नाकारून १८४६ त एक रात्र तुरुंगांत राहिला; त्याचा त्यावरील निबंध गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत वाचला होता.

विद्यार्थ्यांनीं यावरून एक गोष्ट ध्यानांत धरावी. स्वतःकरितां स्वातंत्र्य मागणें सोपें आहे. शेजाऱ्यास तें देणें कठीण. तें शिकण्यास या संस्थानास दीडशें वर्षें लागलीं, आणि तेवढ्यानेंहि तो धडा पुरा झाला नाहीं. आमच्या वर्गांत निराळ्या घरचीं, निराळ्या मतांचीं मुलें एका बांकावर बसतात. त्यांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेण्यापासून आम्हांस तो धडा गिरवितां येईल.