११ लाखांची पैठणी, पण...

लोणच्याची एखादी बरणी अशी काही जमून येते, की ती संपायच्या आतच घरातून फर्माईश होते, ‘पुढच्या वर्षीही अस्सच घाल हं!’ आपणही हौसेनं त्याच कैऱ्या, तोच मसाला, तेच तेल घेऊन बसतो. आणि तरी पहिल्याच घासाला कुणीतरी म्हणतंच, ‘छान आहे, पण मागच्यासारखं नाही.’ टीव्हीवरच्या आपल्या आवडत्या मालिकांचंही तसंच होतं, नाही का मैत्रिणींनो?

आठवून बघा. २०१२ मध्ये ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागायची तेव्हा घना आणि राधाच्या पायी कितीतरी घरांत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जात. पुढच्याच वर्षी ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ आली. उमेश कामत आणि स्पृहा जोशी, दोघंही गुणी. पण आजही गप्पांत नाव निघतं ते घना-राधाचंच. ‘अग्निहोत्र’चंही तेच. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेतला वाडा, ती भलीमोठी नात्यांची गुंतागुंत आपण घरचीच असल्यासारखी लक्षात ठेवली होती. दहा-अकरा वर्षांनी, २०१९च्या डिसेंबरात, ‘अग्निहोत्र २’ आलं. ते आलं कधी आणि गेलं कधी, हे आमच्या शेजारणींपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही!

अशा वेळी आपण चटकन म्हणतो, ‘नट बदलले ना, म्हणून.’ पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. कारण एक कार्यक्रम असा आहे, की ज्यात माणूस तोच, वाहिनी तीच, बक्षीसही तेच होतं. तरी मूळ कार्यक्रमाची सर नव्याला आली नाही. तो म्हणजे ‘होम मिनिस्टर’ आणि त्याच्याच पोटातून निघालेला ‘महामिनिस्टर’.

‘होम मिनिस्टर’ सुरू झाला सप्टेंबर २००४ मध्ये. झी मराठी तेव्हा अजून ‘अल्फा मराठी’ होतं. आदेश बांदेकर रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जायचे आणि बघता बघता ते अख्ख्या महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले. खेळ म्हणाल तर अगदी साधे. फुगे फुगवा, लिंबू-चमचा घेऊन चाला, उखाणा घ्या. जी जिंकेल तिला पैठणी. हरणारीही हसत हसत भेट घेऊन जायची. एवढ्यावर हा कार्यक्रम थोडाथोडका नाही, १८ वर्षं चालला! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणाच्या दारात जायची सोय उरली नाही, तेव्हा ‘होम मिनिस्टर घरच्या घरी’ म्हणून व्हिडिओ कॉलवरसुद्धा चालला.

आमचं कात्रज म्हणजे पुण्याचं दक्षिणेकडचं दार. साताऱ्याकडून घाट उतरून आलं की पहिले आम्हीच. त्यामुळे आमच्या बचत गटात सातारा, सांगली, सोलापूर, बीड अशा सगळ्या माहेरांच्या बायका आहेत. कुणी मेसचे डबे करते, कुणी पापड लाटते, कुणी फॉल-पिको. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं. इमारतीत त्यांची ओळख ‘बंटीची आई’ नाहीतर ‘तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी’. खरं नाव रेशनकार्डावर आणि गॅसच्या पुस्तकावर!

या बायका ‘होम मिनिस्टर’ का बघायच्या? पैठणीसाठी? तीही होतीच. पण आमच्या गटातल्या पापडवाल्या ताई एकदा काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, ‘पैठणी काय वो, मिळाली तर मिळाली. पन ह्यांना कुनीतरी चार मान्सांत विचारलं पायजे, तुमच्या बायकोला काय आवडतं? बगू सांगता येतंय का!’

मला वाटतं, सगळं गुपित या एका वाक्यात आहे. तो कार्यक्रम बाईला विचारायचा. तुमचं नाव काय, माहेर कुठलं, लग्न कसं जमलं, पहिल्यांदा भाकरी करपली तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या. आणि हे सगळं तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या भांड्यांच्या मांडणीसमोर, सासू-सासरे, दीर-जावा, शेजारपाजार यांच्या साक्षीनं. नवऱ्याला सगळ्यांसमोर बायकोचं कौतुक करावं लागायचं. एरवी ज्याच्या तोंडून ‘भाजी बरी झालीय’ एवढंही निघत नाही, तो माणूस तिथे चक्क लाजायचा! बघणाऱ्या बाईला वाटायचं, ही माझ्यासारखीच तर आहे. उद्या माझ्याही दारावर टकटक होऊ शकते.

मग एप्रिल २०२२ मध्ये आला ‘महामिनिस्टर’. भावोजी तेच, वहिनी त्याच, फक्त पैठणी ११ लाखांची! सोन्याची जर, हिरे जडवलेली. जाहिरात आली तेव्हा आमच्याकडे जिन्यात, भाजीवाल्याकडे, पीएमटीच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. गावोगावी बायकांनी तुफान गर्दी केली. आनंदानं केली, त्यांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. मैदानावर मोकळेपणानं धावायला, ओरडायला, हसायला आपल्याला मिळतंच कधी? जूनच्या अखेरीस महाअंतिम सोहळा झाला आणि रत्नागिरीच्या एका वहिनींनी ती पैठणी जिंकली. त्यांचं अगदी मनापासून कौतुक.

पण मूळ कार्यक्रम १८ वर्षं मनात बसला आणि हा अडीच महिन्यांत येऊन गेला. असं का झालं असेल?

पहिलं म्हणजे, त्यातलं घरच गेलं. घराच्या जागी मैदान आलं, गप्पांच्या जागी फेऱ्या आल्या. शेकडो बायकांतून एक निवडायची म्हटल्यावर प्रत्येकीला तुझं माहेर कुठलं हे निवांत विचारायला वेळ कुठून आणणार? भावोजींचं कसब कमी झालं नव्हतं. कमी झाला होता तो एकेकीच्या वाट्याला येणारा वेळ.

दुसरं म्हणजे ती पैठणीच. एरवी पैठणी कशी असते? भाच्याच्या लग्नात आपण नेसतो, जाऊबाई हळदीकुंकवाला मागून नेतात, जुनी झाली की लेकीला परकर-पोलकं होतं. काठ तर त्यानंतरही उशीच्या अभ्र्यावर वर्षानुवर्षं मिरवतात. येवल्याच्या मागावर ती विणायला कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात, म्हणून तिचं मोल. पण ११ लाखांची पैठणी नेसून कुठे जायचं हो? बसमध्ये? ती बँकेच्या लॉकरमध्येच शोभायची. साडीचा दागिना झाला आणि ‘मलाही मिळू शकेल’ हे स्वप्न ‘कुणाला तरी मिळेल’ या लॉटरीत बदललं. आधी रोज एकीला पैठणी मिळत होती. आता शेवटी एकीला आणि बाकी सगळ्या हरलेल्या. बक्षीस मोठं झालं की खेळणारी लहान होते, असं मला वाटतं. त्याच वर्षी ‘होम मिनिस्टर’नंही निरोप घेतला.

हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकेतली मालिका दहा वर्षं गाजली. ती २००४ मध्ये संपल्यावर त्यातल्या सहा मित्रमैत्रिणींपैकी एकाला घेऊन ‘जोई’ नावाची मालिका काढली. पात्र तेच, नटही तोच. दोन वर्षांत गुंडाळावी लागली. कारण लोकांना तो एकटा नको होता, ती सहा जणांची बैठक हवी होती.

मग दुसरं काही जमतच नाही का? जमतं की! ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली, तेव्हा अण्णा नाईक सुरुवातीलाच गेले होते. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो गोष्ट पुढे रेटत नाही, मागे गेला. जिवंतपणी हे अण्णा होते कसे, ही शेवंता कोण, माईनं काय काय सोसलं, हे त्यानं सांगितलं. पहिल्यानं जे सांगायचं राखलं होतं ते दुसऱ्यानं सांगितलं, म्हणून माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचली. नुसतं ‘तेच, पण मोठं’ करून ते झालं नसतं.

आणि ‘तेच, पण मोठं’ हा रोग टीव्हीपुरता राहिलेला नाही. निवडणुकीचं वारं सुटलं की आमच्याकडे चौकाचौकात ‘खेळ पैठणीचा’चे फलक लागतात. तुमच्या गावातही लागतच असतील. हेही ‘होम मिनिस्टर’चंच पिल्लू! मध्यंतरी अशाच एका कार्यक्रमाला आमचा सगळा गट गेला होता. दुपारी चारपासून बायका सतरंजीवर बसल्या. आधी सत्कार, मग भाषणं, मग पुन्हा सत्कार. रात्री आठला खेळ सुरू झाला. माईकवरून पुकारा व्हायचा, ‘लाल साडीवाल्या ताई, पुढे या!’ नाव विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. नानासाहेब पेशव्यांनी ज्या कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेलं, त्याच कात्रजमध्ये आमच्या गल्लीत टँकर येतो. त्या दिवशी व्यासपीठावर पाणी देऊ शकणारी माणसं बसली होती आणि समोर पाणी भरणाऱ्या पाचशे बायका. पण विचारलं काय, तर उखाणा!

त्यावर आम्ही गटात बसून बोललो आणि संक्रांतीचं हळदीकुंकू वेगळ्या पद्धतीनं केलं. बक्षीस फक्त स्टीलचा डबा. पण प्रत्येकीनं उभं राहून स्वतःचं नाव, माहेर आणि आपल्याला येणारी एक गोष्ट सांगायची. सहा वर्षं आमच्यात असलेली, कधी तोंड न उघडणारी एक जण हळूच म्हणाली, ‘मी जिल्ह्याला खो-खो खेळलेय.’ आम्ही बघतच राहिलो! शेवटी पाण्याच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या केल्या. ‘बंटीची आई’ म्हणून नव्हे, पूर्ण नावानं.

टँकर अजून बंद झालेला नाही, हेही सांगते. पण अर्ज कुठवर आलाय हे विचारायला आता आम्ही दोघी-तिघी नाही, वीस जणी जातो. आणि बोलायला पुढे असते ती खो-खोवाली!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा तुमच्या गल्लीत, मंडळात, शाळेत बायकांचा खेळ ठेवाल तेव्हा पैठणी कितीची आणायची याचा खल जरूर करा. पण त्याआधी येणाऱ्या प्रत्येकीला तिचं नाव विचारायला वेळ राखून ठेवा. ते उत्तर ऐकायला मात्र घाई करू नका!