हातब्रेकचे ब्रेक शू

हातब्रेकचे ब्रेक शू हे उभी केलेली मोटारगाडी जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेतील कमानीच्या आकाराचे भाग आहेत. त्यांवरील घर्षणपट्टीला गॅरेजमध्ये 'लायनर' म्हणतात.

रचना

मागील चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पायब्रेक व हातब्रेक यांसाठी शूंची एकच जोडी वापरतात. मागे डिस्क ब्रेक असलेल्या काही गाड्यांत डिस्कच्या मध्यभागी लहान ड्रम असतो व त्यात केवळ हातब्रेकसाठी स्वतंत्र शू बसवलेले असतात. हातब्रेकचा दांडा ओढल्यावर केबल ताणली जाते, शू फाकतात आणि ड्रमच्या आतील पृष्ठभागावर दाबले जातात.

झीज

स्वतंत्र शू मुख्यतः गाडी उभी असतानाच वापरात येत असल्याने एरवी फारसे झिजत नाहीत. हातब्रेक न सोडता गाडी चालवणे किंवा केबल गंजून अडकणे यांमुळे ते लवकर झिजतात. दांडा नेहमीपेक्षा वर येणे व उतारावर गाडी सरकणे ही झिजेची लक्षणे आहेत. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या डोंगरी भागात ती लवकर जाणवतात. मात्र केबल सैल झाल्यानेही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे ड्रम काढून लायनरची जाडी पाहणे आवश्यक ठरते.

शू बदलणे

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करतात. ड्रम निघण्यासाठी हातब्रेक सोडावा लागतो व मागील चाकेही उचललेली असतात. म्हणून गाडी रोखण्यासाठी पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावतात. जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवतात. केवळ जॅकच्या आधारावर काम करणे धोक्याचे असते.

दोन्ही चाकांचे शू एकाच वेळी बदलतात, परंतु एका वेळी एकच बाजू उघडतात. त्यामुळे स्प्रिंगांच्या जुळणीसाठी दुसरी बाजू नमुना म्हणून उपलब्ध राहते. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून ती हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसतात.

नवे शू बसवल्यावर आधी दातेरी चाकाने शू व ड्रम यांतील अंतर आणि नंतर केबलचा ताण जुळवतात. केवळ केबल ताणल्यास शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो आणि नवे लायनरही झिजतात.

कायदेशीर तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसल्यास सार्वजनिक ठिकाणी उभ्या केलेल्या वाहनाचे इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे बंधनकारक आहे.