लहान गावचे वाचनालय आणि ऑनलाइन ज्ञानसाधने

सार्वजनिक वाचनालय म्हटले की पुस्तकांची काही कपाटे, मेजावर पसरलेली दैनिके आणि नोंदवहीत सह्या घेणारा ग्रंथपाल असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. सार्वजनिक ग्रंथालय ही मूलतः लोकशिक्षणाची संस्था होय. शाळा सुटल्यावर माणसाच्या शिक्षणाची जबाबदारी जी संस्था घेते, ती ही. आज बहुतेक घरांत मोबाईल पोहोचला आहे आणि त्याबरोबर एक प्रश्नही पोहोचला आहे : सारे काही हातातल्या यंत्रावर मिळत असताना गावाने वाचनालयावर खर्च का करावा? या प्रश्नाचे उत्तर ग्रामस्थांना, अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना समाधानकारकपणे देता आले पाहिजे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषिकांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके असोत, बेळगावचा सीमाभाग असो, वा इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही जुनी मराठी वस्तीची केंद्रे असोत. नवे मराठी पुस्तक सहजपणे विकत मिळेल असे दुकान लहान गावात क्वचितच आढळते. अशा ठिकाणी मराठी वाचन टिकले ते मुख्यतः ग्रंथालयांमुळे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची आहे. पणजीत १८३२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेले सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. सोळाव्या शतकात मराठीत श्रीकृष्णचरित्र लिहिणाऱ्या गोमंतकीय ग्रंथकाराचे नाव त्याला दिलेले आहे. या परंपरेला आज ऑनलाइन साधनांची जोड मिळू शकते. मात्र ही जोड आपोआप मिळत नाही. ती कशी मिळवावी हे समजण्यासाठी मराठी वस्तीच्या याच केंद्रांपैकी एकाचा, म्हणजे बडोद्याचा, अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल.

बडोदे संस्थानाचा धडा

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली ती सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली. परंतु शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा पुढे शेतीत वा कारागिरीत गुंतला आणि त्याच्या हाती वाचण्यासारखे काही आले नाही, तर शिकलेले तो विसरून जाईल, हे महाराजांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी शाळेला ग्रंथालयाची जोड दिली. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. तेथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना १९१० साली बडोद्यास बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील ग्रंथांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बॉर्डन १९१३ साली परत गेले, तरी काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्यासारख्यांनी ते पुढे चालविले.

या योजनेतील तीन गोष्टी आजही विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली, खर्चाची वाटणी. गावाने वर्गणी जमवावी आणि संस्थानाने व स्थानिक पंचायतीने तिला जोड द्यावी, असे तत्त्व होते. त्यामुळे वाचनालय हे सरकारचे नसून आपले आहे, ही भावना गावात रुजली. दुसरी, फिरते ग्रंथालय. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे निवडक पुस्तकांची कुलूपबंद लाकडी पेटी पाठविली जाई. ती एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या, बहुधा शिक्षकाच्या, स्वाधीन केली जाई आणि वाचून झाल्यावर परत येई. तिसरी, दृक्शिक्षण. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यानेच चित्रदीप व चलच्चित्रे गावोगाव नेली. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते आणि १९१२ पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

या सर्वांचे सार एवढेच, की पेटी गावात पोहोचणे हे निम्मे काम होते. ती उघडणारा, कोणाला कोणते पुस्तक द्यावे हे जाणणारा आणि न वाचणाऱ्यालाही जवळ बोलावणारा माणूस असला, तरच ते काम पूर्ण होई. आजचा मोबाईल ही तशीच एक पेटी आहे. तिच्यात ग्रंथ अफाट आहेत. ती उघडून योग्य ते काढून देणारा माणूस मात्र गावच्या वाचनालयातच बसलेला असला पाहिजे.

कोणती साधने उपलब्ध आहेत

मराठी वाचकाला विनामूल्य मिळणारी काही भरवशाची साधने पुढीलप्रमाणे आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर वाचता येतो. पाऊस कसा पडतो येथपासून पेशवाईपर्यंतच्या विषयांवर शिक्षकाला व विद्यार्थ्याला विश्वसनीय मजकूर तेथे मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर ठेवली आहेत. ती उतरवून घेऊन वाचनालयाच्या संगणकात साठविता येतात आणि इंटरनेट बंद असतानाही वाचता येतात.

शब्दांचा अर्थ पाहण्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ यांचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आहेत. कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहता येतात. जुने ग्रंथ अक्षरबद्ध स्वरूपात वाचण्यासाठी मराठी विकिस्रोत आहे.

विद्यार्थ्यांसाठी खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय आहे. ते १९ जून २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. शालेय पाठापासून संशोधनप्रबंधापर्यंतचे साहित्य त्यातून शोधता येते. ‘स्वयम्’ या केंद्रीय योजनेत महाविद्यालयीन अभ्यासक्रम घरबसल्या शिकता येतात, तर ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडणारे साधन आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही उतरवून घेता येतात. ज्यांना दृष्टिदोषामुळे वा अन्य अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे; त्यातून ब्रेल व श्राव्य स्वरूपातील पुस्तके मिळतात. आपल्या गावात अशी एखादी व्यक्ती असेल आणि तिला हे ठाऊक नसेल, तर ती उणीव ग्रंथपालाने भरून काढावयाची आहे.

ऑनलाइन साधनांची नोंदवही

वाचनालयात नवे पुस्तक आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते. ऑनलाइन साधनांचीही अशीच एक साधी वही ठेवावी. साधनाचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता, विषय, कोणत्या वाचकास उपयोगी, नोंदणी लागते काय, आणि ते चालू असल्याची खात्री शेवटी कोणत्या दिवशी केली, असे सहा रकाने पुरेत. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, काही बंदही पडतात. म्हणून शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. महिन्यातून एकदा ही पडताळणी करावी. या वहीतील निवडक नोंदी मोठ्या अक्षरांत लिहून फलकावर लावल्या, तर एका संगणकाच्या वाचनालयासही मोठ्या ग्रंथालयाचे दार उघडते.

पुष्कळ वाचकांची खरी अडचण शोधण्याची असते. इंग्रजी कळफलक परका वाटतो आणि मराठी टंकलेखन येत नाही. अशांना यंत्राला मराठीत बोलून शोध कसा घ्यावा, अक्षर मोठे कसे करावे आणि शासकीय संकेतस्थळ व जाहिरातीचे संकेतस्थळ यांत फरक कसा ओळखावा, एवढे जरी दाखविले तरी त्यांची भीड चेपते.

वाचनालयाचे उपक्रम

उपक्रम म्हणजे व्यासपीठ, हारतुरे आणि पाहुण्यांची भाषणे नव्हेत. नियमितपणे होणारा लहान कार्यक्रम हा वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या समारंभापेक्षा अधिक फलदायी असतो. आठवड्यातून एक तास मुलांसाठी कथावाचन ठेवावे. ज्येष्ठ मंडळींसाठी वृत्तपत्राचे मोठ्याने वाचन करावे. ते ऐकण्यास निरक्षर शेतकरीही येऊन बसतो. स्त्रियांना वाचनालयात येण्यास सवड वा संकोच असेल, तर बचत गटाच्या बैठकीत पुस्तकांची पिशवी न्यावी आणि देवघेव तेथेच करावी. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना शांत अभ्यासिका व जुन्या प्रश्नपत्रिका उपलब्ध करून द्याव्यात.

महिन्यातून एक दिवस ‘अर्ज-मदत दिन’ म्हणून पाळावा. गोव्यातील शेतकऱ्याला एक-चौदाचा उतारा, विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज, वृद्धाला निवृत्तिवेतनासंबंधीची माहिती, या गोष्टी आता ऑनलाइन मिळतात. त्या कशा पाहाव्यात हे वाचनालयात शिकविता येईल. येथे एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. ग्रंथपालाने वाट दाखवावी. परंतु कोणाचाही परवलीचा शब्द वा बँकेचा गुप्त क्रमांक स्वतःकडे लिहून घेऊ नये. याच दिवशी ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहण्याची माहिती द्यावी. बँकेच्या नावाने दूरध्वनी करून गुप्त क्रमांक विचारणारा माणूस बँकेचा नसतो, आणि फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे, हे प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे.

स्थानिक संग्रह हा आणखी एक उपक्रम होय. गावातील जुनी छायाचित्रे, नाट्यमंडळांच्या जाहिराती, भजनाच्या हस्तलिखित वह्या, शाळेची स्मरणिका ही सामग्री कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. वाळवी आणि ओल यांच्या तोंडी जाण्यापूर्वी मालकाच्या संमतीने तिची छायाचित्रे घेऊन ती नोंदीसह जपावीत व मूळ वस्तू मालकास परत करावी. गोवा व कोकणच्या पावसाळी हवेत हे काम लांबणीवर टाकणे म्हणजे ते गमावणे होय.

वर्षाचे वेळापत्रक आखताना २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, डॉ. रंगनाथन यांची १२ ऑगस्टची जयंती आणि १४ ते २० नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह हे दिवस हाताशी आहेत.

ग्रंथस्वामित्वाचे भान

मोबाईलवरून पुस्तकांच्या प्रती एकमेकांस पाठविण्याची प्रथा वाढली आहे. त्यांतील पुष्कळ प्रती बेकायदेशीर असतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ च्या आरंभापासून मुक्त झाले आहे. परंतु आज हयात असलेल्या लेखकाची कादंबरी परवानगीविना वाटणे हा त्या लेखकाच्या व प्रकाशकाच्या कष्टांवर घाला आहे. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात, त्यामुळे हा घाला अधिकच जिव्हारी लागतो. वाचनालयाने अशा प्रती ठेवू नयेत व वाटूही नयेत.

प्रत्येकाचा वाटा

ग्रंथालयांना कायद्याचा आधार आहे. कर्नाटकात १९६५, महाराष्ट्रात १९६७, गोव्यात १९९३ आणि गुजरातेत २००१ साली सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचे अधिनियम झाले. तथापि कायदा इमारत व अनुदान देऊ शकतो. वाचक देऊ शकत नाही. अधिकाऱ्यांनी वाचनालयाची तपासणी करताना केवळ ग्रंथसंख्या न पाहता किती पुस्तके बाहेर गेली, किती लोकांना साहाय्य मिळाले आणि ग्रंथपालास प्रशिक्षण मिळाले काय, हेही पाहावे. संगणक पुरविताना त्याच्या दुरुस्तीची व इंटरनेटच्या मासिक खर्चाची तरतूद त्याच वेळी करावी. अन्यथा ते यंत्र कपड्याखाली झाकून राहते. शिक्षकांनी आठवड्यातील एक तास विद्यार्थ्यांना वाचनालयात न्यावे व विश्वकोशातून एक तरी नोंद काढून आणण्यास सांगावे. ग्रामस्थांनी सभासद व्हावे, वर्गणी वेळेवर भरावी आणि आपल्याला कोणती पुस्तके हवीत हे सूचनावहीत लिहावे.

गावात वाचनालय कशाला, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ज्याला काय शोधावे हे ठाऊक आहे, त्याचे काम मोबाईल करील. ज्याला ते ठाऊक नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याला विचारण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी गावात एक उघडे दार आणि आत एक जाणता माणूस असणे आवश्यक आहे. असे दार प्रत्येक गावी असावे आणि ते ठरलेल्या वेळी उघडे असावे, यासाठी शासन, शाळा आणि ग्रामस्थ या तिघांनी आपापला वाटा उचलावा.