नीतीला ईश्वराचा आधार लागतो का?

नीतीचा पाया ईश्वर आहे का, असे विचारताना दोन निराळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात. चोरी वाईट का, हा पहिला. कोणी पाहत नसताना चोरी का करायची नाही, हा दुसरा. पहिला नीतीच्या खरेपणाविषयी आहे, दुसरा तिच्या धाकाविषयी. आस्तिक आणि नास्तिक यांचा वाद पुष्कळदा लांबतो तो एकाने पहिल्याचे आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे उत्तर दिल्यामुळे.

कोकणच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीत, हा फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. कोणी बांध सरकवला, कोणाचे नारळ चोरीला गेले, की माणूस ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालतो. गुरव देवाला साकडे घालतो, जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. संशय असला तर कौल लावला जातो: मूर्तीला पाण्याने चिकटवलेली फुले किंवा पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावरून देवाचे म्हणणे ओळखतात. या विधीत देवाला काय विचारले जाते, हे नीट पाहण्यासारखे आहे. चोरी कोणी केली, शासन कधी होणार, हे विचारतात. चोरी हा गुन्हा आहे की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. ते गाव देवळात येण्याआधीच जाणून असते. इथे देव साक्षीदार आणि न्यायाधीश आहे, कायदा करणारा नाही.

नेमका हाच भेद प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोने ‘युथिफ्रो’ या संवादात मांडला. एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून ती पवित्र, की ती पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय? पहिले मानले तर देवाने उद्या क्रौर्य प्रिय मानल्यास क्रौर्यही पवित्र ठरेल. दुसरे मानले तर चांगुलपण देवावाचूनही उभे राहते.

भारतीय परंपरेतला या प्रश्नाचा तपशील महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ग्रंथात सापडतो. काणे यांचा जन्म 1880चा, चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरातला. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला आणि 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मनुस्मृती धर्माची प्रमाणे सांगते ती वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि अंतःकरणाचे समाधान अशी. ईश्वराची आज्ञा असे वेगळे प्रमाण त्यात नाही. वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे पूर्वमीमांसक तर आणखी पुढे जातात. त्यांच्या मते वेद कोणीही रचलेले नाहीत, ईश्वरानेही नाहीत, आणि वेदविहित कर्तव्य स्वतःच्या बळावर बंधनकारक आहे. कुमारिल भट्टांनी जगत्कर्त्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली. कट्टर कर्मनिष्ठ आणि तरीही निरीश्वर, अशी ही भूमिका आहे. धर्म म्हटला की देव आलाच, असे समजणाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी. मात्र त्यात एक उणीव आहे. वेदाचा अधिकार ज्याला मान्य नाही, त्याच्यापाशी मीमांसकाचा युक्तिवाद थांबतो.

ब्रह्मसूत्रांत हा वाद समोरासमोर आला आहे. कर्माचे फळ धर्म स्वतःच देतो, हे मीमांसक जैमिनींचे मत सूत्रकार बादरायण नोंदवतात आणि फळ ईश्वर देतो, असे आपले मत सांगतात. पण जगातल्या विषमतेचा दोष ईश्वरावर येऊ नये म्हणून तो जीवांच्या कर्मानुसारच फळ देतो, असेही त्यांना म्हणावे लागते. म्हणजे बरेवाईट आधी ठरलेले असते आणि ईश्वर ते पाळतो. युरोपात कांट 1788 मध्ये याच ठिकाणी पोहोचला. नैतिक नियम बुद्धीतून येतो. ईश्वर गृहीत धरावा लागतो तो सद्गुण आणि सुख यांची अखेर गाठ पडावी म्हणून.

रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त नीतिशास्त्राचे तीन पंथ तपासले. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही आधिभौतिक कसोटी त्यांना अपुरी वाटते. सदसद्विवेक ही देवता मानणारा आधिदैविक पक्षही पुरा पडत नाही. सर्व भूतांत एकच आत्मा आहे, हा आध्यात्मिक पाया ते स्वीकारतात. हा आज्ञा देणारा ईश्वर नव्हे. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांच्या आधारे ऐहिक नीतीची बाजू त्याआधीच लढवली होती; पण दुसऱ्याच्या सुखासाठी आपण का झिजायचे, या प्रश्नाला टिळकांनी जेवढी जागा दिली तेवढी मराठीत क्वचितच कोणी दिली असेल.

ईश्वर पापाला शासन करतो, या समजुतीवरही वाद झाला. 1934 मध्ये बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. अस्पृश्यता पाप आहे हे मान्य असलेल्या टागोरांनीही त्याला जाहीर हरकत घेतली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी त्याच दशकातील आपल्या निबंधांत मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव यांत फरक केला: विश्वाच्या नियमांना माणसाच्या सुखदुःखाचे सोयरसुतक नाही, म्हणून जे मनुष्यजातीच्या हिताचे ते चांगले, असे माणसानेच ठरवायचे. कोकणातल्या पोफळीच्या परिसराला विश्वाच्या या अलिप्ततेचे दर्शन 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाले. सह्याद्रीच्या पोटातून आणलेल्या कोयनेच्या पाण्यावर पोफळीचे भूमिगत वीजगृह चालते. त्याच पाण्याच्या जलाशयाजवळ भूकंप झाला, घाटापलीकडचे कोयनानगर कोसळले आणि सुमारे 180 माणसे गेली. कारण शोधले गेले ते जलाशयाच्या भारात आणि खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबात. मेलेल्यांच्या पापपुण्याचा हिशेब त्यात कुठेच बसत नाही, आणि बसवू पाहणे हा मेलेल्यांवर अन्यायच आहे.

धाकाचा प्रश्न तरीही उरतो. त्याला सर्वांत थेट भिडले ते बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी म्हटले की इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला आहे. पण टोळीपुरती नीती पुरत नाही, कारण टोळीबाहेरच्या दुबळ्याला ती वाऱ्यावर सोडते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक हवी. अस्पृश्यतेची झळ सोसलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे, आणि तो या आढाव्यातील सर्वांत भक्कम वाटतो: नीती वस्तुनिष्ठ असण्याची गरज आधी दुबळ्याला असते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही त्यांत आहे. चोरी करणार नाही आणि खोटे बोलणार नाही, याही त्यांतच आहेत.