शेवंडीचा धंदा करताय? आधी वजनकाटा काढा

मित्रांनो, व्हिडिओत बर्फ-गाडीचं बोललो, आता मालाचं बोलू. जळगाव-धुळ्याच्या हॉटेलांना शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पुरवायची तर ती येणार मुंबईहून, ससून डॉकसारख्या बंदरातून. जिवंत असेल तर भाव जास्त, मेली की उतरला. पण खरी भानगड वेगळीच. मुंबईची चपटी शेवंड ट्रॉलरवाल्यांनी अंडीवाल्या माद्यांसकट इतकी उपसली, की १९९४ पर्यंत तो धंदाच बसला. काटेरी शेवंडीला २००३ पासून निर्यातीसाठी वजनाची अट आहे: मुंबईकडची जिवंत शेवंड ३०० ग्रॅमखाली चालत नाही. मग अशी बारकी शेवंड कोणी स्वस्तात तुमच्या गळ्यात मारू बघेल. घेऊ नका, अंडीवाली तर अजिबात नको. आणि हो, जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात. ऑर्डर घेतानाच हॉटेलवाल्याला हे सांगून ठेवा.